साडभाऊंच्या यादीतले मामाजी

आमच्या साडभाऊंइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि त्या काळजीनं एवढ्या लोकांना जेरीस आणणाराही नसेल. देव सगळ्यांवर लक्ष ठेवतो म्हणतात, पण देव निदान दर पाच मिनिटांनी विचारपूस करत नाही. साडभाऊ करत. त्यांचा धंदाच तो होता. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान अकोल्याला जठारपेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत नोकरी करायचे. गावोगावच्या कॉलेजांचे, दुकानांचे सर्व्हर त्यांची कंपनी सांभाळायची, आणि त्या सर्व्हरांवर पहारा बसवायचं काम साडभाऊंकडे. हा पहारा कसा असतो, ते त्यांनी मला त्यांच्या पहिल्याच दिवाळसणाला अंगाला उटणं लावलेल्या अवस्थेत समजावलं. एक कॉम्प्युटर बाकीच्या सगळ्यांना दर पाच मिनिटांनी विचारतो, आहेस का? समोरचा म्हणतो, आहे. मग पडद्यावर त्याच्या नावाची ओळ हिरवी. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही की ओळ लाल, आणि ज्याची जबाबदारी त्याच्या मोबाइलवर मेसेज. मी शाळामास्तर. मी म्हटलं, ही तर हजेरी झाली. त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "हजेरी दिवसातून एकदा असते भाऊ. पोरगं दुसऱ्या तासाले पळालं तं तुमाले पत्ता लागते का?" खरं सांगायचं तर लागत नसे.

हे सगळं ऑफिसात राहिलं असतं तर कोणाची ना नव्हती. पण साडभाऊ लग्नाच्या पंगतीतूनही उठून आचाऱ्याकडे जात आणि पुऱ्या पाव टोपली उरल्या की मला सांगायचं, अशी ताकीद देऊन येत. एका आचाऱ्यानं वैतागून पहिल्याच पंगतीला "संपल्या" म्हणून सांगितलं, तर यांनी वधूपित्याला बोहल्यावरून उठवलं. मी अमरावतीहून अकोल्याला निघालो की बडनेरा, मूर्तिजापूर आणि बोरगाव, तिन्ही ठिकाणांहून मिस्ड कॉल द्यायचा असा नियम होता. एकदा मूर्तिजापूरला माझा डोळा लागला. अकोल्याच्या स्टँडवर उतरतो तर साडभाऊ कंट्रोलरच्या खिडकीशी उभे, आणि गाडीला अपघात झाला की नाही ते लपवू नका म्हणून त्या बिचाऱ्याशी भांडताहेत. मला पाहून आनंद वगैरे झाला नाहीच, उलट दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

अशा माणसाच्या तावडीतून आमचे सासरे, म्हणजे मामाजी, कसे सुटणार? मामाजी गुरुकुंज मोझरीजवळच्या गावात एकटेच राहत. सासूबाई गेल्या, पोरी दोन्ही सासरी, आणि म्हातारा वावर सोडून हलायला तयार नाही. दिवस मोठे वाईट होते. आसपासच्या गावांतून रोज काहीबाही कानावर यायचं. माझी बायको सकाळी पेपरात आधी गावांची नावं वाचायची आणि मगच चहाला तोंड लावायची. कशासाठी वाचते, हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. साडभाऊंनाही तीच धास्ती असणार, पण त्यांनी बोलून न दाखवता सरळ मामाजींना सर्व्हरांच्या यादीत टाकलं. एका कॉलेजच्या निकालांच्या सर्व्हरखाली मामाजींची ओळ! कॉम्प्युटरला जोडलेला एक जुना मोबाइल सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मामाजींना घंटी देई. मामाजींनी ती कट केली की मामाजी हिरवे.

पहिल्याच महिन्यात ते तीनदा लाल झाले. एकदा फोन घरी ठेवून गुरुकुंजाच्या आश्रमात प्रार्थनेला जाऊन बसले होते, एकदा फोन कापसाच्या गाठोड्यात गेला होता, आणि एकदा फोन वाजतच होता पण त्यांना उचलायचा कंटाळा आला होता. अमरावती जवळ, म्हणून मेसेज मला. शाळा सोडून स्कूटर हाणत मी पोचायचो आणि मामाजी ओसरीवरून म्हणायचे, "आले का जवाईबापू पंचनाम्याले?" तिसऱ्या खेपेनंतर मी त्या मेसेजचा आवाज बंद करून टाकला. साडभाऊंना सांगितलं नाही. नंतर मात्र दीड महिना मामाजींची ओळ हिरवीगार, आणि म्हातारा एकदाचा वळणावर आला म्हणून मी खूश.

एका रविवारी सकाळीच साडभाऊ अकोल्याहून माझ्या दारात हजर. हातात छापलेला कागद. घंटी कट करायला मामाजींना किती वेळ लागतो, त्याची यादी. म्हणाले, "पयले वीस-पंचवीस सेकंद लागत. चष्मा पाहा, बटन पाहा. आता तीन सेकंद. रोज, तिन्ही टाइम. मामाजी असे नसतात भाऊ." मला हसू आलं. माणूस सुधारला तरी याला काळजी! पण ते हसले नाहीत, पायरीवरून आतही आले नाहीत. मी मुकाट्यानं स्कूटर काढली.

मामाजींचा फोन सापडला त्यांच्या शेजारच्या शिंपीचाचांच्या शिलाई मशीनवर. चाचा बिचारे खाली मान घालून उभे राहिले. मामाजींनीच तो त्यांच्याकडे दिला होता, वाजला की कट करत जा, नाही तर पोरं उगाच धावत येतात म्हणून. चाचा दोन्ही वेळा चहा नेऊन देत, पण चार दिवसांपासून पेला भरलेलाच परत येत होता. आज जेवणानंतर अमरावतीला निरोप पाठवणारच होतो, म्हणाले. आम्ही आत गेलो. चूल थंड. बियाण्याची पिशवी कोपऱ्यात न फोडलेली, आणि गावात सगळ्यांची पेरणी होऊन गेली होती. मामाजी भिंतीकडे तोंड करून पडलेले, दाढी वाढलेली. तोंड न वळवता म्हणाले, "घंटी तं कट होऊन राहिली होती न? मंग काहून आले?"

साडभाऊ त्यांच्या पायथ्याशी बसले. म्हणाले, "माही चूक झाली मामाजी. मी फोन चालू आहे का, तेच पाहून राहिलो होतो. तुमाले एकदाही इचारलं नाही."

त्यावर तो वाघासारखा म्हातारा लहान लेकरासारखा रडला. कोणाशी बोलावंसंच वाटत नाही, सकाळी उठावं कशाला तेच समजत नाही, असं तुटक तुटक सांगत राहिला. मी दाराशी उभा होतो, आणि खिशातल्या त्या मुक्या केलेल्या मोबाइलची मला फार लाज वाटली. तसंच उचलून आम्ही त्यांना अमरावतीला आणलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, तीन महिने माझ्या घरी राहिले. घरी परतले ते पुन्हा माझ्या घरच्या चहात साखर कमी म्हणून भांडूनच.

साडभाऊंनी त्यांची ओळ यादीतून काढली. कॉम्प्युटरची घंटी बंद. रोज दुपारी साडेबाराला ते स्वतः फोन लावत आणि दोघंही तुरीवरून नाही तर राजकारणावरून वाद घालत. दोन वर्षं यात खंड पडला नाही. मग एका दिवशी साडभाऊ ऑफिसात दुपारभर टेबलांखाली शिरून तुटलेली वायर शोधत होते आणि फोन राहिला दुसऱ्या खोलीत. बाहेर आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि दारात मामाजी उभे होते. धोतर धुळीनं माखलेलं. दोन एस.ट्या बदलून, दवाखान्याचा जिना चढून आलेले. जावयाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

हे साडभाऊंनीच मला नंतर सांगितलं. म्हणाले, "मी साऱ्यांवर लक्ष ठेवतो भाऊ. माह्यावरही कोणी ठेवून राहिलं असन, हे मले मालूमच नोतं."

मामाजी पुढं पिकल्या वयात, आपल्याच घरात, झोपेत गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, साडभाऊ अकोल्याला परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मला काही सुचेना, म्हणून मी त्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, काय काम होतं भाऊ? मी म्हटलं, काही नाही. तेव्हापासून रोज लावतो, आणि रोज काही काम नसतं.