डाव्या पेटीची वायर

आमच्या दाजींनी एकच वायर सतरा वेळा बदलली. सतरा हा आकडा ताईचा आहे, आणि ताई असल्या बाबतीत खोटं बोलत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. आणि वायर म्हणजे त्यांच्या स्टिरिओच्या डाव्या पेटीची. उजव्या पेटीची वायर पहिल्या दिवशी लावली ती लावली. तिच्यावर धूळ बसली, पाली फिरल्या, पण तिला कधी कुणी बोट लावलं नाही. सगळा छळ डावीचा.

मानवतच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी जिंतूरहून ट्रंक घेऊन ताईकडे राहायला आले. नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. आज एसटी चालू, उद्या बंद. त्यामुळे रविवारी गावी जाणं व्हायचं नाही आणि मी दाजींच्या तावडीत आयतीच सापडायची. "मास्तरीणबाई, या, बसा, ऐका," म्हणायचे. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण चहा त्यांच्या स्टिरिओसमोरच मिळायचा.

डेक दुबईहून परतलेल्या कुणाकडून घेतलेला. अँप्लिफायर आणि आवाजाच्या दोन लाकडी पेट्या गल्लीतल्या रेडिओवाल्या चाचांनी बनवून दिलेल्या. संध्याकाळी दाजी घरी यायचे, केसांतला कापूस झटकायचे, हातपाय धुवायचे, आणि दोन पेट्यांच्या बरोबर मधे खुर्ची टाकून बसायचे. कॅसेट बहुतेक गझलेची. गाणारा मधे, सारंगी उजव्या पेटीत, तबला डाव्या. दाजी डोळे मिटायचे आणि मिनिटभरात उघडायचे. "डावी बाजू हळू हाय. तबलजी रुसला बघा आजबी."

मला तर तबला चांगला ठणठणीत ऐकू यायचा. मी म्हणायची, "दाजी, ते बॅलन्सचं बटण आहे ना, फिरवा की डावीकडे!" हे ऐकलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही मी चोरी करा म्हणाले. "बटण फिरवणं म्हंजे कापसाच्या काट्यावर अंगठा ठेवणं. बेइमानी हाय ती. माल चांगला पाहिजे, मंग काटा आपोआप बराबर येतो." माल म्हणजे वायर.

वायरीची पारख ते कापसासारखी करायचे. परभणीच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर गेले होते एकदा. दुकानदार वार मोजायला निघाला तर दाजींनी टोक दातानं सोललं, आतल्या तारा तळहातावर पसरल्या, अंगठ्यानं चोळल्या, एक तार दोन चिमटीत धरून ताणली. "आखूड धाग्याची हाय," म्हणाले आणि वायर परत दिली. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले. सुरुवातीला घरातल्या दिव्याची वायर लावली होती, मग विहिरीवरच्या मोटारीची जाडजूड केबल आली, ती वळेना म्हणून बारीक तांब्याची आली. चाचा बिचारे दर वेळी कथलाचा डाग देऊन जायचे आणि जाताना म्हणायचे, "दाजीसाब, वायर तो बिलकुल अच्छी है. नै तो मैं क्या बोलूं!"

मग दाजींनी ठरवलं की आवाजाला चालायला लय लांब पडायलंय. वायर आखूड करायला लागले. वायर आखूड झाली की पेटी पुढे सरकायची. उजवी पेटी भिंतीशी आणि डावी दर महिन्याला वीतभर पुढे, पुढे, ती शेवटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली. ताई धपाट्यांची परात घेऊन तिला अडखळायची. "हिला एकदा चुलीत घालते बघा!" म्हणायची, आणि रोज त्याच पेटीवरची धूळ पदरानं पुसायची.

कामावर मात्र या माणसाच्या कानाला तोड नव्हती. जिनिंगमधली यंत्रं ओळीनं धडधडत असायची. दाजी लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचे, त्याचं टोक यंत्राला लावायचे, मूठ कानाला. दोन क्षण थांबायचे आणि सांगायचे, "बेरिंग बोलायलंय." यंत्र उघडलं की बेरिंग खरंच गेलेलं असायचं. सगळं घर त्या कानावर चालत होतं. मूठ नेहमी उजव्याच कानाला लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

मग एका रविवारी जिनिंगचे शेटजी स्टिरिओ ऐकायला घरी आले. शेटजी आले म्हणजे मानाची खुर्ची त्यांना! दाजींनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः त्यांच्यासमोर, पेट्यांकडे पाठ करून स्टुलावर बसले. कॅसेट लागली. दाजींनी डोळे मिटले, उघडले आणि एकदम म्हणाले, "आरं! आज उजवी बाजू हळू झाली की!"

ताईनं हातातली बशी खाली ठेवली. तिनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. पण माझं तोंड! वर्गात प्रश्न पडला की उत्तर देऊन मोकळी व्हायची सवय. मी म्हणाले, "अहो दाजी, तुमी उलटे बसलाव म्हणून! पेटीत काही नाही. तुमच्या डाव्या कानातच खोट आहे!"

गाणारा बिचारा एकटा गात राहिला. शेटजींनी चहा संपवला, "बरंय, उद्या बघू," म्हणाले आणि चपला घालून गेले. दाजींनी डेक बंद केला आणि न जेवता अंगणात जाऊन बसले. इतक्या दिवसांत त्यांना न जेवता राहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

ताईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तोंड हाय का भोंगा? एका कानाचा फिटर कोण ठिवून घेईल गं? मला सात वर्षं ठाऊक हाय. म्हणून तर मी कायम उजव्या अंगानं बोलते त्यांच्याशी. त्यांनाबी ठाऊक हाय. फकस्त मनाला सांगितलं नव्हतं." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी शेटजींनी दाजींना सगळ्या यंत्रांपुढे उभं केलं. "यातलं एक बिघडलंय. कोणतं ते सांग." आदल्या संध्याकाळी त्यांनी मुद्दाम तिसऱ्या यंत्राचा बोल्ट ढिला करून ठेवला होता, हे नंतर कळलं. दाजी पेचकस घेऊन ओळीनं फिरले. तिसऱ्यापाशी थांबले. "ह्याचा बोल्ट ढिला हाय." शेटजी हसायला लागले, तर दाजी आणखी पुढे गेले. पाचव्याला पेचकस लावून म्हणाले, "अन् ह्याचं बेरिंग आठवडाभरच टिकंल." पाचवं उघडलं. बेरिंग झिजून खिळखिळं झालेलं! शेटजी म्हणाले, "इथं दोन-दोन कानांची माणसं बसवून ठेवलीत मी, त्यांना हे कळंना. तू कुठं जायचं नाव काढू नको."

हे सगळं दाजींनी घरी येऊन पेढ्यांचा पुडा फोडत आम्हाला करून दाखवलं, शेटजींच्या चालीसकट. ताई हसताहसता रडली आणि मला चिमटा काढला. चिमट्याचा वळ दोन दिवस होता.

त्याच आठवड्यात चाचांना बोलावणं गेलं. या खेपेला दाजींनी वायरीचा धागाबिगा पाहिला नाही. चाचांनी डेक आणि अँप्लिफायरच्या मधे एक नवी वायर बसवली, एका बाजूला दोन टोकं, दुसऱ्या बाजूला एकच. सारंगी आणि तबला दोन्ही एकाच पेटीतून येतील अशी. ती पेटी दाजींच्या उजव्या हाताला ठेवली. कॅसेट लागली. दाजींनी डोळे मिटले आणि मिटलेच ठेवले. थोड्या वेळानं त्यांचा हात मांडीवर ठेका धरायला लागला. "आला गं तबलजी," ताईला म्हणाले, "इतके दिवस कुठं मेला होता!" दुसरी पेटी उंबऱ्यावरून उठली आणि ताईनं तिच्यावर ज्वारीचा डबा ठेवला.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण मला आठवतो तो एसटी स्टँड. लातूरला नवी नोकरी लागली होती आणि ते मला पोचवायला आले होते. त्या रविवारच्या बोलण्याची माफी मी कधी मागितलीच नव्हती. सगळं गोड झालं होतं, पण त्यांचं न जेवता अंगणात बसणं माझ्या मनातून जात नव्हतं. तोंडावर बोलायची हिंमत होईना. म्हणून ट्रंक वर चढत असताना मी गुपचूप त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि अगदी हळू म्हणाले, "दाजी, चुकलं माझं. लय जीव आहे माझा तुमच्यावर."

ते समोर बघत राहिले. ऐकू गेलं नाही, बरं झालं, म्हणत मी गाडीत चढले. खिडकीशी बसले तर दाजी खाली उभे, डोळे भरलेले आणि मिशीत हसू.

"मास्तरीणबाई," ते ओरडले, "चोरून बोलायचं तर सावली तरी बघायची! माझ्या पुढंच पडली होती, तिचं तोंड हलताना दिसलं की मला. आता उजवीकडून म्हणा!"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मला हुंदका आला, हसूही आलं, आणि माफी काही तोंडातून निघेना. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडले, "दाजी, डावी बाजू अजून हळू हाय!"

ते पोट धरून हसत होते. गाडी वळेपर्यंत मला दिसत होते.