वरचा गोल

रेनिक फॉल्स गावाच्या सहाव्या वॉर्डाला ओडेसा प्रुइटने एकतीस वर्षं मतदान शिकवलं. तिच्याइतकं पक्कं कुणी शिकवलं नाही, आणि तेच तिला भोवलं.

ती फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, वाळूचे साचे भाजायच्या खात्यात होती. युनियनने वॉर्डाचा प्रचार तिच्या गळ्यात घातला तेव्हा मतपत्रिका चादरीएवढी लांब असायची. पाळी संपवून आलेली माणसं ती चादर बघूनच अर्ध्या वाटेत माघारी फिरायची. पत्रिकेच्या डोक्यावर पक्षाचा एक गोल असे. तो पेनाने काळा केला की खाली पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना आपोआप मत पडे. ओडेसाने त्यावर एक ओळ बांधली: "वरचा गोल काळा करा, घरचा रस्ता धरा." चर्चच्या पायऱ्यांवर, केस कापायच्या दुकानात, अंत्यविधीनंतरच्या जेवणातसुद्धा ती ही ओळ म्हणे आणि लोक हसत तिच्यामागून म्हणत. वॉर्ड कधी हरला नाही. पक्षाच्या पुढाऱ्यांनी फोटो काढून घेतले. त्या फोटोंत ओडेसा नेहमी कडेला असायची, अर्धी कापलेली.

त्या राज्यात न्यायाधीशही मतांनी निवडले जातात, पण ते पक्षाविना उभे राहतात. त्यांची नावं पत्रिकेच्या मागच्या बाजूला असतात आणि पुढचा गोल मागे पोचत नाही. ओडेसाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ती म्हणायची, "सगळे एकाच काळ्या झग्यातले. त्यांच्यासाठी म्हाताऱ्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?"

मग तिचा मुलगा टेरेल तुरुंगात गेला. एकोणीस वर्षांचा होता. पेट्रोल पंपावर दरोडा पडला, गोळी सुटली, काउंटरवरच्या माणसाचा हात कायमचा गेला. एका ट्रक ड्रायव्हरने टेरेलकडे बोट दाखवलं, एवढाच पुरावा. शिक्षा पंचवीस वर्षं.

सात वर्षांनी तोच ड्रायव्हर रविवारी चर्चमध्ये आला, टोपी हातात चुरगाळत. म्हणाला, "पोलिसांनी मला एकच फोटो दाखवला होता. तेही दमले होते, मीही दमलो होतो. हो म्हटलं आणि सुटलो." गावच्या न्यायाधीशाने खटला नव्याने चालवायचा हुकूम दिला. सरकारी वकील अपील कोर्टात गेले. तिथे तिघे न्यायाधीश बसले आणि दोघांनी मिळून तो हुकूम उडवला. निकाल लिहिला गेरिट होल्वर्डा यांनी. त्यातलं एक वाक्य ओडेसाला पाठ होतं: "सात वर्षांनी आलेली आठवण हे न्यायालय आठवण मानत नाही."

आता वकिलाला ड्रायव्हरची फेऱ्यांची जुनी वही सापडली होती. दरोड्याच्या वेळी तो पंपापासून चाळीस मैलांवर होता. त्याने काही बघितलंच नव्हतं! नवा अर्ज जानेवारीत त्याच तीन खुर्च्यांपुढे जाणार होता आणि त्याआधी, नोव्हेंबरात, होल्वर्डांच्या खुर्चीची निवडणूक होती. समोर बर्नाडेट साइक्स; अठरा वर्षं गरीब आरोपींची वकिली केलेली बाई. वकील जपून बोलला, "शब्द देत नाही, मिस ओडेसा. पण दोनास एकचं पारडं फिरू शकतं."

सदुसष्टाव्या वर्षी ओडेसा गुडघ्याला पट्टा बांधून दारोदार निघाली.

"मिस्टर यान्सी, या खेपेला पान उलटायचं. मागे न्यायाधीश आहेत. बर्नाडेट साइक्स."

यान्सी फाउंड्रीतला जुना जोडीदार. त्याने दार पुरतं उघडलंही नाही. "पान उलटायचं? तूच ना गं म्हणायचीस, वरचा गोल आणि घर?"

"म्हणायचे. आता वेगळं म्हणतेय."

"एकतीस वर्षांनी शब्द फिरवतेस?" तो खो खो हसला. "होल्वर्डाला कळू देऊ नकोस, तुझीही साक्ष उडवील!"

ओडेसाला हसू आलं नाही. "उलटशील की नाही ते सांग."

"उलटतो बाई, उलटतो. ओरडू नकोस, सूप उतू जातंय."

केस कापायच्या दुकानात काम करणाऱ्या मार्गरीटने नमुना पत्रिका चष्म्याशी धरली. "मिस ओडेसा, या होल्वर्डाच्या नावाखाली लिहिलंय, अपील कोर्टाचे न्यायाधीश. मग हा आहेच की न्यायाधीश. निवडायचं काय त्यात?"

"जो आधीच खुर्चीवर बसलाय त्याच्या नावाखाली सरकारच ती ओळ छापतं."

"आणि हिच्या खाली?"

"काही नाही."

"मग ही कोण म्हणायची?"

"माझ्या टेरेलसारख्यांसाठी उभी राहणारी."

"अगंबाई, टेरेल! अजून आतच आहे?"

"नाही, हवा पालटायला गेलाय," ओडेसा म्हणाली आणि दार आपटून बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, परत आली. दारातूनच म्हणाली, "मागचं पान, मार्गरीट. तेवढं कर." तिने आयुष्यात कुणाला असं विनवलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी बर्फमिश्रित पाऊस पडत होता. शाळेच्या दारापासून शंभर फुटांवर रेषा आखलेली, तिच्या आत प्रचाराचा शब्द काढायचा नाही. ओडेसा सकाळी सातपासून रेषेवर उभी. "पान उलटा! मागे बघा!" सगळे ओळखीचे. हात हलवत, हसत आत जायचे. काहीजण तिला खूश करायला तिचीच ओळ गुणगुणायचे: "वरचा गोल काळा करा..."

"ते नाही रे! ते नाही!" ती पुढे धावली तसा आतला अधिकारी बाहेर आला.

"मिस ओडेसा, रेषेमागे."

"तुझ्या आईला मत द्यायला मी शिकवलंय."

"ठाऊक आहे. रेषेमागे."

दुपारी तिची मोठी बहीण लव्हिनिया आली. ओडेसा रात्रपाळीला असायची तेव्हा टेरेलला हिनेच वाढवलं होतं, त्याची पत्रं अजून हिच्या उशाखाली असत. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. कोटावर मतदान केल्याचं स्टिकर, चेहरा समाधानी.

"उलटलंस ना?" ओडेसाने विचारलं.

"काय?"

"पान, लव्ही. पान."

लव्हिनियाचा हात स्टिकरवरच राहिला. "डेस... मी वरचा गोल भरला. नीट भरला, कडेला पांढरं राहू दिलं नाही. मग पायच घराकडे निघाले बघ."

"मतं मोजायच्या यंत्राने परत नाही दिली पत्रिका?"

"नाही. गपकन घेतली."

घेणारच. जास्त भरलं तर ते यंत्र ओरडतं, कोरं ठेवलं तर मुकाट गिळतं.

ओडेसा बहिणीवर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती रेषेमागे परत उभी राहिली आणि मतदान बंद होईपर्यंत ओरडत राहिली. शेवटी घशातून आवाजही येईना.

होल्वर्डा निवडून आले, चार हजारांच्या फरकाने. रेनिक फॉल्सच्या अकरा वॉर्डांत मिळून सहा हजारांवर पत्रिका मागून कोऱ्या निघाल्या. सहावा वॉर्ड सगळ्यांत कोरा. पक्षाचा वरचा गोल मात्र तिथे कधी नव्हता इतका भरला होता. तालुक्याच्या पुढाऱ्याने अभिनंदनाचा फोन केला तेव्हा ओडेसाने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी तुरुंगातून टेरेलचा फोन आला. पंधरा मिनिटं मिळतात.

"ममा, पडलो ना आपण? इथे टीव्हीवर दाखवलं."

होल्वर्डांच्या प्रचाराच्या पाट्या गावोगाव होत्या, असं ती सांगणार होती. वाक्य तयार होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "मागचं पान कोरं राहिलं, बाळा."

"किती जणांचं?"

"सहाव्यात दहातल्या सातांचं."

"आपल्याच वॉर्डात?"

"माझ्याच."

पलीकडे लोखंडी दार वाजलं, कुणीतरी कुणाला तरी शिवी घातली. मग त्याने हळूच विचारलं, "लव्ही मावशीने भरलं ना?"

लव्हिनिया टेबलाच्या पलीकडे बसली होती. समोरचा मक्याचा पाव तसाच. तिला सगळं ऐकू जात होतं.

"भरलं," ओडेसा म्हणाली. "सगळ्यांत आधी."

"मला माहीतच होतं," टेरेल म्हणाला.

जानेवारीच्या शेवटी अपील कोर्टाचा कागद आला. दोन विरुद्ध एक, अर्ज नामंजूर. एवढंच. वहीबद्दल अक्षर नव्हतं. ओडेसाने दारातच उभं राहून तो वाचला. मग कागद उलटला आणि मागे काही लिहिलंय का ते बघितलं.