चराची ओळ

माझ्या हाताखालच्या मुलांना मी एकच गोष्ट दिवसातून चारदा सुनावते: आलेख जतन करायच्या आधी तो कुठे छापला जाणार ते विचारा. अकोल्याला शेतीच्या प्रयोगांचे आलेख काढणं हेच माझं काम. पडद्यावर सुबक दिसतंय म्हणून चित्र आहे तसंच फाईल करून पाठवलं, की माझं डोकं फिरतं. मुलांना वाटतं, मॅडम उगाच कटकट करतात. करतेच. मला कारण आहे.

माझा मोठा भाऊ नांदगाव खंडेश्वरकडे शेती करतो. तिथे आमची संत्र्याची बाग होती. त्या वर्षी फळगळ इतकी झाली, की बाग काढून तूर पेरायचं वडिलांनी ठरवत आणलं. दादाने एका ओळीलगत पाणी निघून जायला चर खोदला होता, शेजारच्या ओळीला मुद्दाम नाही. रोज सकाळी दोन्ही ओळींखाली गळलेली फळं मोजून तो वहीत लिहायचा. अमरावतीला एका मेळाव्यात फळबागेचे तज्ज्ञ येणार होते. ते थांबा म्हणाले तर वर्षभर थांबू, एवढं वडिलांनी कबूल केलं.

दादाने वहीच्या पानांचे फोटो मला पाठवले. मी दुपारच्या सुट्टीत आलेख काढला: दोन रेघा, आणि कोणती कोणत्या ओळीची ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत. पडद्यावरच्या खिडकीत छान दिसत होता. खिडकीच्याच मापात जतन केला, पाठवला आणि डबा उघडला. छपाईसाठी रुंदी-उंची इंचांत द्यायची, इंचाला तीनशे ठिपके ठेवायचे, अक्षरं त्या मानाने मोठी करायची. दोन मिनिटांचं काम. परक्यांसाठी मी ते रोज करत होते. घरच्या माणसाला चालतं, असं मनात आलं असावं. त्याची मला आजही लाज वाटते.

दादाने तो फोटोच्या दुकानातून भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा छापून घेतला. रेघा धुरकट झाल्या, अक्षरांच्या जागी करडे डाग उरले. जाणकारांना कळेल, असं त्याला वाटलं. वही त्याने घरीच ठेवली होती. बहिणीने आलेख काढून दिल्यावर वही कशाला?

संध्याकाळी मी फोन केला.

"कोणती रेघ कोणत्या ओळीची, तेच त्याईले समजलं नाही," तो म्हणाला. "रोजचे आकडे वहीत, डोक्यात कुठं राह्यतात? मले बी सांगता नाही आलं."

मागे रांग होती. नीट कागद घेऊन पुढच्या खेपेला या, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. मी लगेच नवा पाठवते म्हटलं, तर तो राहू दे म्हणाला. चार लोकांत तो फार ओशाळला होता. वडिलांनी विचारलं तेव्हा, तज्ज्ञांनी काही सांगितलं नाही, एवढंच तो बोलला. आठवड्याभरात बाग निघाली.

यंदा मी तोच आलेख कॅलेंडरएवढ्याच मापात, नीट छापून घेऊन गेले. का नेला, मलाही सांगता येणार नाही. दादाने तो ओसरीवर पसरला. दारातूनही वाचता येत होता. चराच्या ओळीची रेघ उतरत उतरत दुसरीच्या निम्म्यावर आली होती. त्याने तिच्यावरून बोट शेवटपर्यंत नेलं.

"सुधरून राहिली होती ना," तो म्हणाला. "मले वाटतच होतं, बाई."

मग त्याने कागदाची गुंडाळी केली, रबर लावलं आणि ती माझ्याच हातात परत दिली.