संध्याकाळचे दोन फवारे

गेली दोन वर्षं धान चुरायच्या दिवसांत मला माहेरपणाला पाठवतात. मी बेचाळीस वर्षांचा पुरुष आहे, मला मिशी आहे, एकोडीत माझं साडेतीन एकर धान आहे. पण मळणीच्या मशीनमधून भुसा उडाला की माझ्या छातीत पिपाणी वाजायला लागते. मग बायको, म्हणजे कांता, पिशवी भरते आणि माझी रवानगी कारध्याला बहिणीकडे होते. बस येईपर्यंत लोक विचारतात, "काहो भाऊ, बाळंतपणाले चालले का?" (हसून उडवून लावावं, तर हसलो की खोकला!)

यंदा आपल्या खळ्यात आपणच उभं राहायचं, असं मी ठरवलं. त्याच सुमारास भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात दम्याच्या औषधाची चाचणी सुरू झाली. ज्यांचा दमा आटोक्यात येत नाही अशा मोठ्या माणसांसाठी दोन औषधं एकत्र केलेला पंप! मी ताबडतोब नाव दिलं. डॉक्टर मॅडमनी मला आणि सोबत आलेल्या मायला समोर बसवून सांगितलं, "सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन. घेतले की वहीत लिहायचं. पंपावर आकडा आहे, तो दर फवाऱ्याला एकाने उतरतो. महिन्याने शून्यावर आला पाहिजे. वेळ चुकवायची नाही!"

"नाही चुकत," माझ्याआधी मायच म्हणाली.

सकाळचे दोन मी इमानाने घेतले. संध्याकाळचं मात्र जमेना. दिवस कलला की माझा पाय घरात ठरत नाही. बसस्टँडच्या पानठेल्यावर चार लोकांच्या चार भानगडी ऐकल्याशिवाय मला अन्न पचत नाही. परत आल्यावर घेऊ म्हणायचो. परत आल्यावर जेवण, जेवल्यावर झोप. पंप बिचारा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात पडून!

वही मी तपासणीच्या आदल्या दुपारी एका बैठकीत भरली. तीन पेनं वापरली, मधूनमधून चहाचे थेंबही सांडले. कलाकुसर अशी की वाचून माझाच विश्वास बसला! आणि मग आठवला तो आकडा. महिनाभराचे संध्याकाळचे फवारे घेतलेच नव्हते, म्हणजे पंपात साठ शिल्लक असणार. मॅडमनी पकडलं तर नाव कटणार, आणि नाव कटलं की पुन्हा कारधा! रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे ठरवलं, गोठ्यात जाऊन साठही उडवून टाकायचे. (म्हशीला दमा नाही, पण पुढेमागे कामी येईल.)

आकडे मोहरीएवढे आणि माझा चष्मा कायम हरवलेला. कांताला हाक मारली.

"आकडा किती हाये पाय बरं?"

"शून्य."

"नीट पाय!"

"शून्यच हाये ना! माहे डोळे फुटले नाहीत."

मी जागच्या जागी हात जोडले. देव पावला! देव्हाऱ्यापुढे नारळ फोडला. माय समाधानाने म्हणाली, "त्यानंच केलं बापू." मला वाटलं, म्हातारीचा भाविकपणा.

दवाखान्यात मॅडमनी वही पाहिली, "वा!" पंप पाहिला, "वा!" मग नळीत फुंकायला लावलं. काटा जरासा उठला आणि बसला. पुन्हा फुंकलं, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा तर उठलाच नाही.

"भाऊ, औषध पूर्ण घेतलं, तरी छाती तशीच. म्हणजे तुम्हाला हे लागू पडत नाही. तसंच लिहावं लागेल."

खरं बोलावं तर खोटारडा ठरतो, न बोलावं तर औषध जातं! मी खुर्चीत चुळबुळतोय तोवर माय उसळली.

"लागू कसा नाही पडत? एक दिस चुकला नाही! सकारी यानं घेतला, सांजी देवानं!"

"कोणी?"

"देवानं! हा सांजी घरी रायते कुठी? सोमवारचा उपास याच्या नावानं मीच धरते ना? मंग दवाई याच्या नावानं देवाले देल्ली. दिवा लावला का पंप हालवला, दोनदा दाबला. तुमीच बोल्ल्या, वेळ चुकवाची नाही!"

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी वही पुन्हा उघडली. "मग संध्याकाळचं हे सगळं कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. तिन्ही पेनं खिशातच होती.

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग कडाडल्या, "तुमच्यापायी चांगल्या औषधाला आम्ही वाईट ठरवलं असतं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळं खरं लिहून वर कळवलं. चाचणीतून माझं नाव निघालं. औषध मात्र त्यांनी चालू ठेवलं, मायच्या पहाऱ्यात. दिवा लागला की माय पंप घेऊन दारात आडवी उभी. फवारे झाल्याशिवाय पानठेला नाही!

यंदा धान चुरलं तेव्हा मी नाकाला दुपट्टा बांधून स्वतःच्या खळ्यात उभा होतो. फार बरं वाटलं. लोकांनी विचारलं, "भाऊ, औंदा गेले नाही?" माय ऐटीत म्हणाली, "देवानं पयले सोता घेऊन पाह्यली, मंग लेकाले देल्ली."

चाचणीतून मला काढलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. महिनाभर संध्याकाळचं औषध न चुकता घेणारा आमच्या घरात एकच होता, आणि त्याला दमा नव्हता!