हळदकुंकू लावलेली पत्रकं

नव्वदच्या दशकात पहिला कथासंग्रह मी पदरच्या पैशाने काढला. जाहिरात परवडणार नव्हती, म्हणून साध्या कागदावर पत्रकं छापली आणि अंबडला कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना वाटली. लोकांनी घेतली आणि चार पावलांवर टाकून दिली. एकाने तर माझ्यादेखत त्या पत्रकाने सायकलची सीट पुसली. संतापून उरलेला गठ्ठा मी तिथेच फाडला.

मग ओळखीच्या प्रेसवाल्याने लग्नपत्रिकांची उरलेली कोरी कार्डं स्वस्तात दिली. त्यांवर पुस्तकाचं नाव, 'रविवारी सकाळी घरी मिळेल' ही ओळ आणि इंदिरानगरातल्या आमच्या घराचा पत्ता छापून आणला. संध्याकाळी पाहतो तर आई एकेका कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत बसलेली.

"अगं आई, हे पुस्तकाचं आहे, लग्नाचं नाही!" मी ओरडलोच.

"ओरडतोस कशाला? तुझं पहिलंच कार्य आहे," म्हणत तिने पुढचं कार्ड उचललं.

पुन्हा छापणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी चडफडत तीच वाटली. गर्दी पांगल्यावर मी खाली मान घालून रस्ताभर पाहिलं. एकही कार्ड पडलेलं नव्हतं. हळदकुंकू लावलेला कागद पायदळी टाकायला कोणी धजावलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी दारात सायखेड्याचे एक कामगार उभे राहिले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात माझं कार्ड.

"उशीर तर नाय झाला ना?" त्यांनी विचारलं. "नवरदेव कुठंय?"

"मीच," मी म्हणालो आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.