सुभद्रावहिनीची घागर

अधू पायाच्या बाईला दिवस गेले की तुम्ही तिला पहिला प्रश्न कोणता विचारता? केदारखेड्याच्या आमच्या बौद्धवाड्यात सगळ्या बाया एकच विचारायच्या, "कसं होईल गं तुझं?"

माझी सुभद्रावहिनी लहानपणच्या आजारानं उजव्या पायानं अधू होती. काठी टेकत शेतावर जायची आणि आमच्या घरात सगळ्यांत मोठ्यानं हसायची. पाचवा महिना लागला आणि ते हसणं थांबलं. एक बाई म्हणायची, मूल पांगळं निघेल. दुसरी म्हणायची, काठी सटकली तर? वहिनीचं जेवण सुटलं, झोप उडाली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी वाढलेला रक्तदाब पाहिला आणि माझ्या आईला बजावलं, "पायाची भीती नाही. हिच्या जिवाला जो घोर लावताय ना, त्यानं बाळंतपण अवघड होईल. आणि पाणी वाहणं बंद."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं दारात रिकामी घागर मांडली. शेजारच्या गंगूकाकू आल्या. "कसं होईल गं पोरी?"

"माझी काळजी करून राह्यल्या ना काकू? मंग बराबर आल्या. तेवढी घागर भरून आणा."

काकू पुटपुटल्या, पण गेल्या. काळजी वाटते असं स्वतःच दाखवल्यावर नाही कसं म्हणणार?

मग नियमच झाला. घाबरवलं की एक घागर. मी एका पत्रकातली गरोदरपणातल्या धोक्यांची यादी तिला मोठ्या तळमळीनं वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "तुही भीती तर छापील हाये. दोन घागरी." विहिरीवर आई भेटली. तिची त्या दिवसातली तिसरी खेप होती.

रांजण भरलेला राहू लागला. वहिनी पोटभर जेवू लागली, दुपारी चक्क घोरू लागली. पुढच्या तपासणीत रक्तदाब उतरलेला. नर्सबाईंनी विचारलं, "काय घेतलंस?"

"पाणी. दुसऱ्यांनी आणलेलं."

मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला बाया भरल्या घागरी घेऊनच आल्या. गंगूकाकूंनी पाळण्यात डोकावून तोंड उघडलं, वहिनीकडे पाहिलं आणि मिटलं. वहिनी इतकी हसली की पोर जागी झाली.

तुमच्या गल्लीतही अशी एखादी गरोदर बाई असेल. तिच्या दारात "कसं होईल" म्हणत उभे राहू नका. आधी विहिरीवर जा, आणि तिचा रांजण भरून या.