आकडेमावशी

ती शाळेची समुपदेशक, पण मुलांनी तिचं नाव आकडेमावशी ठेवलं होतं. जिन्याखालच्या छोट्या खोलीत ती एकेका मुलाला समोर बसवायची, काही आकडे म्हणून दाखवायची आणि तेच उलटे म्हणायला सांगायची. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं मुलाला किती जमतं, हे त्यातून तिला कळायचं. म्हणताना आवाज चढू-उतरू नये म्हणून ती घरीही सराव करी. "भाजी आण, हेसुद्धा तू आता तशाच सपाट आवाजात सांगतेस," नवरा चिडवायचा.

एकदा तिसरीतली एक मुलगी आली. लक्ष नसतं, सांगितलेलं कानाआड करते, अशी वर्गशिक्षिकेची तक्रार होती. आईही वैतागलेली.

"मुद्दाम करते हो. वर जा, दप्तर ठेव, ताईला हाक मार म्हटलं, की वर जाऊन नुसती उभी राहते."

मावशीने आईला बाहेर बसवलं. सुलटे आकडे म्हणताना मुलीची गाडी बरी चालली. उलटे म्हणायची वेळ आली तशी ती अडखळायला लागली, रडवेली झाली.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "पण पहिला शोधायला गेले की दुसरा पळतो."

इतकं सरळ मावशीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चाचणी चालू असताना शाबासकी देता येत नाही, म्हणून ती कशीबशी गप्प राहिली. संपल्यावर मात्र तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

मग आईला आत बोलावलं. "ती ऐकते हो. तीन गोष्टी एकदम सांगितल्या की दोन सांडतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवायला जड जाणं, असू शकतं, पण नुसत्या आकड्यांवरून मी शिक्का मारणार नाही. तिच्या बाईंशी बोलते, घरचंही तुमच्याकडून ऐकते, मग डॉक्टरांना दाखवू."

आईने मुलीला जवळ घेतलं. "फार बोलले मी तिला."

"आता एका वेळी एकच काम सांगून बघा."

डॉक्टरांनीही पुढे एडीएचडीच सांगितलं. वर्गशिक्षिकेने तिला पुढच्या बाकावर घेतलं, सूचना फळ्यावर लिहायला सुरुवात केली. मुलगी काही पहिली वगैरे आली नाही. पण बोलणी खाणं कमी झालं, आणि ती वर्गात हात वर करायला लागली.

काही महिन्यांनी आई जिन्यापाशी भेटली. "काल मी घाईत चार कामं सांगितली, तर म्हणते कशी, आई, आधी श्वास घे, मग पहिलं काम सांग."

मावशीला हसू आवरेना. पुढच्या मुलाला आत बोलवायचं विसरून दोघी तिथेच गप्पा मारत उभ्या राहिल्या.